तारीख कोण ठरवतं? सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि सरकारी चरित्रपट

उर्दूत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात आणि मराठीत तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा दिवस. मूळ अरबी शब्द एकच. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला या शब्दाची गंमत रोज भेटते. सरकार जेव्हा एखाद्या माणसावर चित्रपट काढते, मालिका काढते, पोस्टाचे तिकीट काढते, तेव्हा हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. तो माणूस कोण होता, हा झाला इतिहास. तो आपल्याला नेमका कधी आठवून दिला गेला, ही झाली तारीख. आपण पहिली गोष्ट बघत बसतो आणि दुसरीकडे आपले लक्षच जात नाही.

याचे अगदी ठळक उदाहरण चीनमधले आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने डेंग झियाओपिंग यांच्यावर ४८ भागांची मालिका सुरू केली. डेंग यांच्या जन्माला त्या महिन्यात ११० वर्षे पूर्ण होत होती. मालिका १९७६ पासून सुरू होते. माओंच्या मृत्यूनंतर ‘चौकडी’ला अटक होते, डेंग परत सत्तेत येतात, १९७७ मध्ये विद्यापीठ प्रवेशाची बंद पडलेली परीक्षा पुन्हा सुरू होते, शेतीत आणि व्यापारात मोकळीक येते. आणि १९८४ मध्ये मालिका थांबते. डेंग पुढे १९९७ पर्यंत जगले. जून १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकातल्या विद्यार्थ्यांवर लष्कर चालून गेले, तेव्हा देशातला शेवटचा शब्द त्यांचाच होता. मालिका त्याच्या पाच वर्षे आधीच संपलेली. त्या काळातले पंतप्रधान झाओ झियांग यांनी पुढे लष्कर वापरायला विरोध केला आणि मरेपर्यंत नजरकैद भोगली. ते या मालिकेत दिसतच नाहीत. हू याओबांग मात्र दिसतात, आणि बऱ्याच वर्षांनी ते पडद्यावर दिसले याचीच चर्चा जास्त झाली.

यात दाखवलेल्या मोठ्या घटना घडलेल्याच आहेत. परीक्षा खरोखर सुरू झाली होती, आणि खेड्यात अडकून पडलेल्या लाखो तरुणांसाठी ती नवा जन्म होती. म्हणून ‘सरकारी आहे म्हणजे सगळे खोटे’ असे म्हणून सुटता येत नाही. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचा जब्बार पटेलांचा चित्रपट केंद्र आणि महाराष्ट्र सरकारच्या पैशातूनच झाला आणि तो चांगला झाला. तेव्हा पैसा कुणाचा हे पाहून थांबू नये. सरकारी चरित्रपट पाहताना दोन प्रश्न विचारावेत. हा माणूस आत्ताच का आठवला? आणि त्याची गोष्ट कुठे थांबवली?

हे दोन प्रश्न तपासून बघायला आपल्या सोलापूर जिल्ह्यासारखी जागा नाही. कारण एका कम्युनिस्ट माणसावर भारतात एक आणि चीनमध्ये एक असे दोन चित्रपट निघाले, दोन्ही देशांनी तिकिटे काढली, आणि तो माणूस सोलापूरचा होता. तो पुढारी नव्हता, डॉक्टर होता. पण ज्या पक्षाने पुढे चीनवर राज्य केले त्या पक्षाचा तो रीतसर सभासद होता. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

गिरणगावातला मुलगा

आम्ही नातेपुत्याची माणसे. माळशिरस तालुक्याचे हे टोक. जिल्हा सोलापूर असला तरी आम्हाला फलटण-बारामती जवळ पडते. सोलापूरला जायचे ते कचेरीच्या कामापुरते. त्यामुळे इकडच्या पोरांना कोटणीस म्हणजे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ: ‘चीनमध्ये सेवा करणारे भारतीय डॉक्टर.’ जिल्हा एक असूनही ओळख तेवढीच.

कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे शहर होते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच पेठेत ऐकू येत असे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटले, काही दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही आणि मग लष्करी कायदा लागू झाला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुरबान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली गेली. तेव्हा कोटणीस वीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेतले.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी कम्युनिस्टांचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधे मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले, वर्गणी जमली, रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार झाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून ते निघाले. ज्या देशाचे स्वतःचे सरकार नव्हते, त्या देशाने दुसऱ्या देशाला डॉक्टर पाठवले. हे मला आजही मोठे वाटते.

चीनमध्ये पाचही जणांनी चिनी नावे घेतली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ लावले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. वाटेतच त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परत फिरले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला, म्हणजे माओंच्या मुख्य ठाण्यावर पोचले. पुढे एकेक करून बाकीचे भारतात परतले. कोटणीस थांबले आणि उत्तरेकडच्या आघाडीवर गेले. १९४० च्या ‘शंभर रेजिमेंट’ मोहिमेत ते रणभूमीजवळच शस्त्रक्रिया करत होते. तेरा दिवसांत आठशे जखमी त्यांच्या पथकाकडे आले, असे चिनी नोंदी सांगतात. जानेवारी १९४१ मध्ये ते नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. बेथ्यून हे कॅनडाचे डॉक्टर आणि कम्युनिस्ट. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, विष भिनले आणि १९३९ मध्ये ते तिथेच वारले होते.

शिक्षक म्हणून मला एका गोष्टीचे विशेष वाटते. कोटणीस चिनी भाषा इतकी शिकले की ते तिथल्या मुलांना त्याच भाषेत शल्यविद्या शिकवू लागले आणि चिनीतून पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. परक्या भाषेत बोलता येणे आणि परक्या भाषेत शिकवता येणे यात किती अंतर असते, हे दोन भाषांत शिकवणाऱ्यालाच कळते.

१९४१ मध्ये त्यांनी गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी ७ जुलैला, जपानी आक्रमणाच्या पाचव्या स्मरणदिनी, कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. त्यांना अपस्माराचे झटके येत. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यातच ते गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

१९४६: सरकारला हवा होता युद्धपट

आता पहिला चित्रपट. याची सुरुवात एका उर्दू लेखकापासून होते. ख्वाजा अहमद अब्बास, पानिपतचे, मौलाना हालींचे पणतू. पथकातले डॉ. बसू परत आल्यावर त्यांच्याकडच्या माहितीच्या आधारे अब्बास यांनी १९४४ मध्ये इंग्रजीत एक छोटे पुस्तक लिहिले. आणि एक परत आला नाही, एवढेच त्याच्या नावात होते. त्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी राजकमलतर्फे ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणीस स्वतः शांतारामांनी केले, पत्नीचे काम जयश्रीबाईंनी. पानिपतचा उर्दू लेखक, कोल्हापूरचा मराठी दिग्दर्शक आणि सोलापूरचा नायक. मुंबईत तेव्हा अशी जोडणी सहज होत असे.

हा चित्रपट खाजगी कंपनीचा. मग त्याचा सरकारशी काय संबंध? युद्धकाळात इंग्रज सरकारने कच्च्या फिल्मवर परवाना लावला होता. चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली होती. ज्याला परवाना हवा त्याने युद्धकार्याला मदत होईल असाही चित्रपट काढावा, अशी अट निर्मात्यांवर आली. इंग्रजांच्या युद्धाचे गुणगान करणारा चित्रपट काढला तर लोक तोंड फिरवणार. न काढला तर फिल्म मिळणार नाही. शांताराम आणि अब्बास यांनी या पेचातून कोटणीसांच्या आधाराने वाट काढली. शत्रू जपानच होता, त्यामुळे सरकारला नाही म्हणता येईना. नायक मात्र काँग्रेसने पाठवलेला, स्वातंत्र्याची भाषा बोलणारा भारतीय. सरकारी अट पाळून राष्ट्रीय चित्रपट निघाला. तो पडद्यावर आला १९४६ मध्ये, म्हणजे जपानने शरणागती पत्करल्यावर.

‘आत्ताच का’ या प्रश्नाचे उत्तर इथे स्वच्छ आहे. युद्ध होते म्हणून. दुसरा प्रश्न जास्त बोचरा आहे. चित्रपटात मरताना कोटणीस पत्नीला सांगतात, तू माझ्या देशात जाशील, माझ्या घरी जाशील, आणि शेवटी ती बाळाला घेऊन भारतात येते. थिएटरमध्ये लोक रडत असतील यात नवल नाही. प्रत्यक्षात गुओ चिंगलान सासरी राहायला कधीच आल्या नाहीत. त्या चीनमध्येच राहिल्या, तिथेच काम केले, पुढे दुसरे लग्न केले. भारतात त्या पाहुण्या म्हणून आल्या. चित्रपटाने सून घरी आणली, कारण १९४६ च्या भारताला नायकाची विधवा घरी परतलेली बघायची होती. ती स्वतः सैन्यात काम करणारी, आपले आयुष्य आपण ठरवणारी बाई होती, हे त्या शेवटात मावत नव्हते.

आणि पक्षाचे सभासदत्व? चित्रपटाचा कणा देशभक्ती आणि त्याग हाच आहे. मरणाच्या पाच महिने आधी कोटणीसांनी जाणूनबुजून घेतलेला राजकीय निर्णय हा त्या कहाणीचा गाभा झाला नाही. डॉक्टर राहिला, कॉम्रेड मागे पडला. आपल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली ओळ तिथूनच आलेली आहे.

१९८२: चीनला आठवण झाली

दुसरा चित्रपट चीनचा. त्याचेही नाव डॉ. कोटणीस असेच. तो १९८२ मध्ये आला. त्या काळी चीनमधले सगळे चित्रपट कारखाने सरकारी होते, त्यामुळे हा चित्रपट सरळसरळ सरकारी. त्याच वर्षी चीनने कोटणीसांवर टपाल तिकिटे काढली.

१९८२ मध्ये त्यांच्या मृत्यूला ४० वर्षे झाली, हे तर आहेच. पण त्याआधी तीस आणि वीस वर्षेही झाली होती. वीस वर्षे झाली ती डिसेंबर १९६२ मध्ये. तेव्हा भारत-चीन युद्ध नुकतेच थांबले होते. ‘हिंदी-चिनी भाई-भाई’ या भाषेतच ज्याची आठवण काढायची सवय लागली होती, त्याचे नाव त्या भाषेबरोबरच मागे गेले. तीस वर्षे झाली १९७२ मध्ये, म्हणजे ऐन सांस्कृतिक क्रांतीत. मग १९८१ च्या जूनमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री हुआंग हुआ दिल्लीला आले आणि डिसेंबरमध्ये सीमेवरची बोलणी सुरू झाली. पुढच्याच वर्षी चित्रपट आणि तिकिटे.

याला आणखी एक आतली बाजू आहे. कोटणीसांनी ज्या ‘शंभर रेजिमेंट’ मोहिमेत काम केले, तिचे सेनापती पेंग देहुआई होते. १९५९ मध्ये माओंवर टीका केल्याबद्दल ते पदावरून गेले. सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा छळ झाला, हीच मोहीम त्यांच्यावर आरोप म्हणून ठेवली गेली आणि १९७४ मध्ये ते कैदेतच वारले. डिसेंबर १९७८ मध्ये, डेंग यांचा जोर वाढल्यावर, त्यांच्यावरचा डाग अधिकृतपणे पुसला गेला. म्हणजे ज्या लढाईत सोलापूरच्या डॉक्टरने रात्रंदिवस जखमी तपासले, ती लढाई काही वर्षे अभिमानाने सांगण्यासारखीच उरली नव्हती. सरकार बदलले तेव्हा लढाईसुद्धा पुन्हा चांगली झाली.

चिनी कहाणीतले कोटणीस हे पूर्ण कॉम्रेड आहेत, बेथ्यून यांचे वारसदार. तिथे सभासदत्व लपवायचे कारण नाही, उलट तेच शिखर. आपण ज्याला देशभक्त म्हटले त्याला त्यांनी आंतरराष्ट्रीयवादी योद्धा म्हटले. माणूस तोच, कब्र एकच, शिचियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत.

भारताने तिकीट काढले १९९३ मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नरसिंह रावांच्या बीजिंग भेटीत प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचा करार झाला होता. हा योगायोग असेल असे कुणी म्हटले तर मी भांडणार नाही. पण पुढेही हेच दिसते. २००६ मध्ये हू जिंताओ आले, २०१३ मध्ये ली खछियांग आले, २०१४ मध्ये शी जिनपिंग आले, आणि प्रत्येक भेटीत कोटणीसांच्या म्हाताऱ्या बहिणीला भेटण्याचा कार्यक्रम झाला. पाहुणे आले की कपाटातली चांगली भांडी निघतात, तसे झाले हे.

कॅनडाने बेथ्यून यांच्याबाबतीत वेगळे काही केले नाही. ते मेले तेव्हा त्यांच्या देशात त्यांचे नाव फारसे कुणी घेत नव्हते, आणि १९४० मध्ये तर तिथे कम्युनिस्ट पक्षावरच बंदी आली. १९७० मध्ये कॅनडाने माओंच्या चीनला मान्यता दिली. १९७२ मध्ये बेथ्यून ‘राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्वाची व्यक्ती’ ठरले. १९७७ मध्ये कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीने त्यांच्यावर टीव्ही चित्रपट काढला. चीनमध्ये मात्र त्यांचे नाव पोराबाळांना पाठ होते, कारण माओंनी लिहिलेला मृत्युलेख सगळ्यांना वाचावाच लागे. लोकशाही असो की एकपक्षीय राजवट, मेलेला माणूस कपाटातून कधी काढायचा हे ठरवण्याची सवय दोघांनाही आहे. फरक एवढाच की एका ठिकाणी दुसऱ्या कुणाला वेगळा चित्रपट काढता येतो, दुसऱ्या ठिकाणी येत नाही. हा फरक लहान नाही.

कोटणीस जगले असते तर

आता एक अंदाज मांडतो. हा इतिहास नाही, फक्त विचार करण्यासाठी.

समजा कोटणीस १९४३ मध्ये बसूंसारखे भारतात परत आले असते आणि सोलापुरात दवाखाना टाकला असता. १९६२ मध्ये ते ५२ वर्षांचे असते. चिनी कम्युनिस्ट पक्षाचा माजी सभासद, बायको चिनी. त्या नोव्हेंबरात भारतात शेकडो कम्युनिस्टांना भारत संरक्षण नियमांखाली पकडले गेले. पक्षाचे अध्यक्ष श्रीपाद अमृत डांगे, आपल्या नाशिक जिल्ह्यातले, यांनी नेहरूंच्या बाजूने ठराव करून घेतला तरीही धरपकड थांबली नाही, आणि १९६४ मध्ये पक्षच फुटला. भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या लोकांना तर राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले होते. त्या दिवसांत सोलापूरच्या त्या दवाखान्यावर दगड पडले नसते, असे कुणी छातीठोकपणे सांगावे.

उलटे समजा. ते चीनमध्येच राहिले असते, तर १९६८ मध्ये ५८ वर्षांचे असते. चिनी क्रांतीसाठी आयुष्य दिलेले परदेशी कम्युनिस्ट इस्रायल एप्स्टाइन आणि सिडनी रिटनबर्ग त्याच वर्षी हेर म्हणून तुरुंगात गेले. एप्स्टाइन पाच वर्षे, रिटनबर्ग नऊ वर्षांहून जास्त. ज्याचा देश चीनशी लढलेला, त्या डॉक्टरला कुणी सोडले असते का?

म्हणजे जिवंत कोटणीस कदाचित दोन्ही देशांना अडचणीचे झाले असते. ते ३२ व्या वर्षी गेले म्हणून दोघांनाही त्यांचा चित्रपट काढता आला. मेलेला माणूस मत बदलत नाही, प्रश्न विचारत नाही, मोर्चात जात नाही. सरकारांना असा नायक परवडतो.

जी माणसे जगली त्यांचे काय झाले, ते दोन्ही चित्रपटांच्या बाहेर राहिले. यिनहुआ, ज्याच्या नावातच दोन देश होते, तो बापासारखा वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये, पंचविशी पूर्ण होण्याआधीच, तो वारला. ज्याचे नाव मैत्रीची खूण म्हणून ठेवले, त्याच्या तरुणपणी दोन देशांत मैत्री उरली नव्हती. त्याच्यावर कुणी तिकीट काढले नाही. गुओ चिंगलान २०१२ पर्यंत जगल्या. नवरा ३२ व्या वर्षी, मुलगा २४ व्या वर्षी गमावून या बाईने पुढची सगळी वर्षे काढली, आणि मधूनमधून दोन देशांच्या समारंभांत फुले घेऊन उभ्या राहिल्या.

हे आपल्याला का हवे

कुणी म्हणेल, एका मुसलमान शिक्षकाला कोटणीसांची एवढी पंचाईत कशाला? तर कारण आहे. सोलापूरच्या ज्या चार हुतात्म्यांची नावे वर आली, त्यांतले कुरबान हुसेन दरवर्षी १२ जानेवारीला आठवले जातात. भाषणात त्यांचे नाव आले की ‘हिंदू-मुस्लिम ऐक्य’ हे शब्द येतात आणि विषय संपतो. ऐक्य होतेच, आणि ते मला प्रिय आहे. पण कुरबान हुसेन स्वतःचे वर्तमानपत्र चालवणारे, गिरणी कामगारांमध्ये वावरणारे, स्वतःची मते असलेले तरुण होते. ते कुणाच्या बाजूने आणि कशाच्या विरोधात लिहीत होते, हे भाषणात येत नाही. चार नावांतले एक मुसलमान नाव, एवढेच त्यांचे काम उरते. कोटणीसांचा कॉम्रेड जसा गळून डॉक्टर तेवढा राहिला, तसा कुरबान हुसेन यांच्यातला संपादक गळून नाव तेवढे राहिले. यादीत आपला माणूस आहे म्हणून आम्ही खूश होतो आणि त्याची गोष्ट मागायला विसरतो.

आजकाल चरित्रपटांचे पीक आले आहे. काहींना करमाफी मिळते, काहींसाठी शाळांना थिएटरात नेले जाते. मुलांना चित्रपट दाखवू नका असे मी म्हणणार नाही. पोरे पुस्तकापेक्षा पडद्यावरून लवकर शिकतात, हे वीस वर्षे वर्गात उभे राहून मला माहीत झाले आहे. पण दाखवून झाल्यावर ते दोन प्रश्न मुलांकडून वहीत लिहून घ्यावेत. आत्ताच का? कुठे थांबवले? तिसरे काही शिकवायची गरज नाही. उत्तर शोधायला मूल आपोआप दुसरे पुस्तक उघडते, आजोबांना विचारते, गावातल्या वाचनालयात जाते.

सोलापुरात भैय्या चौकात कोटणीसांचे घर आता स्मारक आहे. महापालिकेने ते २०१२ मध्ये लोकांसाठी खुले केले. चीनमधून येणारी शिष्टमंडळे तिथे येतात. आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या सहली मात्र पंढरपूर, अक्कलकोट करून परत येतात. सोलापूरपर्यंत गाडी गेलीच आहे, तर अर्धा तास तिथे थांबायला काही हरकत नाही. मुलांना तिथले फोटो दाखवताना एवढे सांगा की हा माणूस डॉक्टर होता, काँग्रेसने पाठवलेला होता आणि शेवटी कम्युनिस्ट झाला होता. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, त्यांतली एकही गाळू नका. आणि गुओ चिंगलान आणि यिनहुआ यांचीही नावे सांगा. त्यांच्यावर अजून कुणी मालिका काढलेली नाही.